आण्णांच्या शेवरोलेचं इंजिन आणि बिडावरची तारीख



आज थोडं लांबलचक लिहितोय. विषय जुन्या गाड्यांच्या इंजिनावरचे आकडे. आमच्या घरात पन्नासपेक्षा जास्त वर्षं एक गैरसमज या आकड्यांपायी टिकून राहिला आणि याच आकड्यांनी तो गेल्या दिवाळीत मिटवला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी वाड्यात, शेडमध्ये, मळ्यात एखादी जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल. गाडी गेली असली तरी तिचे कागद तरी असतील. त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

माझे आजोबा, त्यांना सगळे आण्णाच म्हणत, बेळगावात शहापूरला राहायचे. काजू आणि नारळाचा व्यापार. आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला सारखी ये-जा. १९४७ चं मॉडेल असलेली शेवरोले त्यांनी मुंबईहून आणली. त्या काळी अमेरिकन गाडी बेळगावात येणं काही फार आश्चर्याचं नव्हतं. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि गाड्या, ट्रक इथं जोडले जायचे. आपलं बेळगावही तेव्हा मुंबई राज्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपण म्हैसूर राज्यात गेलो.

आण्णांच्या माघारी गाडी थोरल्या काकांकडे आली. मध्ये १९६८ साली ती वर्षभर माझ्या बाबांकडे होती. पुढं १९७१ मध्ये वाटण्या झाल्या तेव्हा गाडीची किंमत करायला काकांनी एक मिस्त्री बोलावला. त्यानं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे गाडीचं ओरिजनल इंजिन न्हवं." झालं! गाडी तर बाबांकडे वर्षभर होती. मूळ इंजिन बाबांनी विकलं, कुठल्या तरी ट्रकचं बसवलं आणि आरसी बुकाशी जुळावा म्हणून त्यावर जुना नंबर ठोकला, असं काकांच्या मनानं घेतलं. बाबांच्या हिश्श्यातून तीन हजार रुपये वजा झाले. बाबा तेव्हा पंचवीस वर्षांचे. त्यांनी "मी काही केलं नाही" एवढंच सांगितलं आणि विषय सोडला. बोलणं-चालणं चालू राहिलं, लग्नकार्यांना एकमेकांकडे जाणं-येणंही होतं. पण दोघं भाऊ एका खोलीत दहा मिनिटांपेक्षा जास्त बसलेले मी लहानपणापासून कधी बघितले नाहीत.

आता आकड्यांकडे येतो.

मी स्वतः उद्यमबागेत फाउंड्रीत ३१ वर्षं काढली. बेळगाव आणि कोल्हापूर या पट्ट्यात घराआड एक माणूस कधी ना कधी बिडाच्या कामात असतोच, त्यामुळे हे बऱ्याच जणांना माहीत असेल. कास्टिंगवर दोन तऱ्हेची अक्षरं असतात. एक उठावाची, म्हणजे वर आलेली. दुसरी खोलगट, ठोकून केलेली.

उठावाची अक्षरं ओतकामातच येतात. पॅटर्नवर छोटी पट्टी स्क्रूनं बसवलेली असते, तिच्यावर अक्षर आणि आकडे. वाळूत साचा दाबला की त्यांचा ठसा उमटतो, बीड ओतलं की ती अक्षरं कास्टिंगचाच भाग होऊन बाहेर येतात. तारखेचा आकडा रोज बदलायचा. हे कुणा शौकीन माणसासाठी केलेलं नसतं. ब्लॉक मशीनवर चढला आणि आतून पोकळ निघाला किंवा तडकला, तर तो कुठल्या दिवसाच्या बिडातला होता हे कळायला हवं, म्हणजे त्या दिवसाचे बाकीचे ब्लॉक बाजूला काढता येतात. आमच्याकडे हीट नंबर लिहितात त्याचं कारणही हेच.

खोलगट अक्षरं नंतर येतात. ब्लॉक मशीन झाला, इंजिन जोडून तयार झालं, की एका सपाट जागेवर पंच आणि हातोडीनं किंवा मशीननं नंबर ठोकतात. आरसी बुकात उतरतो तो हा नंबर.

या दोन्हींत मोठा फरक आहे. ठोकलेला नंबर कुणीही घासून काढू शकतो आणि दुसरा ठोकू शकतो. ओतलेली तारीख बदलायची तर वर आलेलं बीड छिनून काढावं लागतं आणि नवीन अक्षर काही तिथं उगवत नाही. खोडलेलं लपत नाही. म्हणून जुन्या गाडीचा जाणकार माणूस आधी बिडावरची तारीख शोधतो, मग ठोकलेला नंबर बघतो.

याशिवाय तिसरा आकडा असतो, कास्टिंग नंबर. हाही उठावाचाच. पण ती तारीख नसते, तो त्या नमुन्याचा नंबर असतो. एकाच नंबराचे ब्लॉक वर्षानुवर्षं ओतले जातात. शेवरोलेचा ३९७००१० हा नंबर जगभर प्रसिद्ध आहे. ३५० घनइंची व्ही-आठ इंजिनाचा हा ब्लॉक १९६९ पासून जवळजवळ दहा वर्षं ओतला गेला. त्यामुळे नुसत्या कास्टिंग नंबरावरून इंजिन कुठल्या साली झालं हे ठरवता येत नाही. तो फक्त कुळ सांगतो, जन्मतारीख सांगत नाही.

शेवरोलेची बिडावरची तारीख वाचायला सोपी आहे. आधी महिन्याचं अक्षर. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. मग दिवस. मग साल, बहुतेक वेळा सालाचा शेवटचा एकच आकडा. फोर्डची रीत उलटी. तिथं सालाचा आकडा आधी, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. शिवाय फोर्डवाले आय हे अक्षर गाळतात, कारण ते एक या आकड्यासारखं दिसतं. त्यामुळे फोर्डमध्ये जे म्हणजे सप्टेंबर आणि एम म्हणजे डिसेंबर. शेवरोलेचा तक्ता फोर्डला लावला की वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत एकेका महिन्याची चूक होते.

फोर्डमध्ये आणखी एक फसगत होते. भागांवर सी५झेडई असा सुरुवातीचा नंबर असतो. यात सी म्हणजे १९६० चं दशक, ५ म्हणजे १९६५, झेड म्हणजे मस्टँग आणि ई म्हणजे इंजिनाचा भाग. पण हे साल तो भाग कधी आखला गेला त्याचं आहे, कधी ओतला त्याचं नाही. १९६५ साली आखलेला भाग १९६७ मध्येही ओतला जाऊ शकतो.

असो. गेल्या दिवाळीत काकांच्या नातवानं शेवरोले पुन्हा चालू करायचं मनावर घेतलं आणि मला बोलावलं. काका आता ८६ वर्षांचे. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मी बॅटरी घेऊन इंजिनाच्या उजव्या बाजूला वाकलो, तसं म्हणाले, "काय बघालास रे तिथं? ते ट्रकचं इंजिन हाय, सगळ्यांना ठाऊक हाय."

साठ-सत्तर वर्षांची ग्रीस आणि धूळ. रॉकेल लावून ठेवलं, दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं घासलं आणि वरून खडू फिरवला. उठावाच्या अक्षरांवर खडू धरतो. स्पष्ट वाचता आलं. सी ११ ४.

सी म्हणजे मार्च. ११ मार्च. साल चार. पण कुठलं चार? १९४४, १९५४ की १९६४? एक आकडी सालाची हीच अडचण. अशा वेळी इंजिनाची घडण बघायची. १९४७ च्या शेवरोले कारमध्ये २१६ घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन यायचं. त्याचं वरचं व्हॉल्व्ह कव्हर मध्यावर दोन नटांनी धरलेलं असतं आणि बाजूचं पत्र्याचं कव्हर स्पार्क प्लगांपर्यंत उंच गेलेलं असतं. आमच्या गाडीतल्या इंजिनाचं वरचं कव्हर कडेनं चार स्क्रूंनी धरलेलं, आणि बाजूचं कव्हर प्लगांच्या खालीच संपलेलं. ही घडण १९५४ पासूनच्या २३५ घनइंची इंजिनाची. म्हणजे १९४४ बाद. १९६४ पर्यंत शेवरोलेनं सहा सिलिंडरचं नवीन इंजिन काढलं होतं, त्यामुळे तेही बाद. राहिलं १९५४.

म्हणजे १९७१ साली आलेला मिस्त्री खरंच बोलला होता. हे गाडीचं मूळ इंजिन नव्हतं.

काका म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

पण बिडावरची तारीख फक्त एवढंच सांगते की हे इंजिन ११ मार्च १९५४ च्या आधी जगात नव्हतं. ते गाडीत कधी बसलं हे ती सांगत नाही. १९५४ च्या ट्रकचं इंजिन १९६८ मध्येही काढून बसवता येतं. त्यामुळे इथपर्यंत बाबांवरचा आरोप जागच्या जागीच होता.

मग ठोकलेला नंबर बघितला. डिस्ट्रिब्यूटरच्या मागं एक सपाट जागा असते, तिथं. आधी सात आकडे, मग एफ ५४ आणि शेवटी एक अक्षर. एफ म्हणजे मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यातलं इंजिन, ५४ म्हणजे सरळ साल. १९५४ च्या शेवरोले इंजिनांवर नंबर असेच ठोकलेले आहेत. बिडावरची तारीख आणि ठोकलेलं साल जुळलं. ती सपाट जागा घासलेली दिसत नव्हती, अक्षरं एका ओळीत, एका मापाची. म्हणजे नंबर कारखान्यातलाच.

आता १९४७ च्या इंजिनाचा नंबर कसा असायला हवा होता? त्या काळात शेवरोले नंबराच्या आधी अक्षरं लावायची आणि ती दरवर्षी बदलायची. १९४६ ला डीए, १९४७ ला ईए, १९४८ ला एफए, १९४९ ला जीए, १९५० ला एचए. म्हणजे आण्णांच्या गाडीच्या मूळ इंजिनाचा नंबर ईए या अक्षरांनी सुरू व्हायला हवा.

मी काकांना विचारलं, "काका, जुनं आरसी बुक आहे का?"

लोखंडी ट्रंकेत मळ्याच्या उताऱ्यांखाली ते होतं. मुंबई राज्यातलं मूळ बुक कधीच हरवलं होतं. हे म्हैसूर राज्यात आल्यावर काढलेलं दुसरं बुक, शिक्का १९५९ चा. गाडीचं मॉडेल १९४७. इंजिन नंबरच्या रकान्यात कारकुनानं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, ईए कुठंच नाही. सात आकडे, मग एफ ५४, आणि शेवटचं अक्षर. ब्लॉकवर आहे तोच नंबर, एक आकडाही इकडचा तिकडे नाही.

काकांना मी कागदावर लिहून दाखवलं. १९५९ च्या सरकारी बुकात १९५४ चं इंजिन लिहिलेलं आहे. म्हणजे इंजिन बदललं गेलं ते १९५४ आणि १९५९ च्या मधल्या काळात. १९५९ साली बाबा तेरा वर्षांचे होते, सरदार्स हायस्कूलला जात होते. १९६८ मध्ये बाबांनी मूळ इंजिन विकलं असेल तर ते गाडीत असायला तर हवं होतं!

काकांनी बुक हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला. ते बुक पन्नास वर्षं त्यांच्याच ट्रंकेत होतं. नंबर त्यांनी कितीदा तरी वाचला असेल. ब्लॉकवरचा नंबर बुकाशी जुळतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर "जुना नंबर ठोकला" असा संशय होता. तो नंबर १९४७ चा असूच शकत नाही, हे ओळखणारं घरात कुणी नव्हतं.

इंजिन आण्णांनीच बदललं, हे त्यातून निघालं. का बदललं असेल, याचाही थोडा अंदाज बांधता येतो. जुन्या २१६ इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला व्हाइट मेटल ओतलेलं असे आणि रॉडना तेल प्रेशरनं न मिळता मुख्यतः उडवून मिळे. सरळ रस्त्यावर ते इंजिन वर्षानुवर्षं चाले. आण्णांची गाडी मात्र भरल्या मालासकट आंबोलीचा घाट चढायची. ती बेअरिंगं पुन्हा ओतून, खरवडून बसवणारा कारागीर लागतो. १९५४ च्या २३५ इंजिनात बदलायची तयार बेअरिंगं आणि प्रेशरचं तेल आलं. ताकद ९० अश्वशक्तीवरून ११५ वर गेली. ते जुन्या गाडीत बसतंही. शिवाय १९५४ मध्येच जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना बंद केला. जुन्या इंजिनाचे भाग पुढं मिळतील की नाही, ही धास्ती तेव्हा गाडीवाल्या सगळ्यांनाच असणार. व्यापारी माणसानं नवं इंजिन मिळतंय तोवर घेऊन टाकलं, यात नवल नाही.

त्यांनी हे घरात कुणाला सांगितलं कसं नाही? काका तेव्हा शिकायला कोल्हापुरात होते. बाबा लहान. मी आत्याला फोन केला, ती त्या वेळी अकरा-बारा वर्षांची होती. ती म्हणाली, "एका पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने बाहेरच पडली नव्हती बघ. आणि त्याच वर्षी आईच्या पाटल्या गेल्या. आण्णा म्हणाले धंद्यात खोट आली." पाटल्या इंजिनासाठी गेल्या की खरंच धंद्यासाठी, हे बिडावर लिहिलेलं नाही आणि मी ते ठरवायलाही बसत नाही. आत्याला जे आठवलं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका रिक्षा करून टिळकवाडीला आमच्या घरी आले. एकटे. आरसी बुक पिशवीत. बाबांना म्हणाले, "आण्णांनी बदललं होतं रे इंजिन. माझी चूक झाली."

बाबा म्हणाले, "मी नव्हतं घेतलं एवढं मला ठाऊक होतं. पण दाखवायला माझ्याकडं काय होतं?"

मग आईनं चहा केला. काका जेवूनच गेले. दोघं तीन-साडेतीन तास बसले होते, बोलणं बहुतेक वेंगुर्ल्याच्या रस्त्याबद्दल.

आता तुमच्यासाठी कामाच्या चार गोष्टी.

एक, जुनी गाडी किंवा तिचं इंजिन भंगारात द्यायच्या आधी बिडावरची तारीख, कास्टिंग नंबर आणि ठोकलेला नंबर, तिन्हींचे फोटो काढा. रॉकेल, मऊ ब्रश आणि खडू पुरे. बॅटरीचा उजेड बाजूनं तिरपा पाडा. ठोकलेल्या नंबरावर एमरी पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. ती जागा घासली की पुढं कुणीही त्यावर विश्वास ठेवत नाही.

दोन, तिन्ही आकडे वेगवेगळं सांगतात. कास्टिंग नंबर म्हणजे नमुना, बिडावरची तारीख म्हणजे ओतल्याचा दिवस, ठोकलेला नंबर म्हणजे तयार इंजिन. ओतल्याची तारीख नेहमी जोडणीच्या आधीची असणार, काही दिवस ते काही महिने. ती जोडणीच्या नंतरची निघाली तर ठोकलेला नंबर खोटा. आणि गाडी रस्त्यावर कधी आली ते आरसी बुकावरच बघायचं. विकायला जास्त दिवस लागले तर १९४७ चं मॉडेल १९४८ ला नोंदलेलंही असतं.

तीन, इंजिन बदललेलं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. "नंबर जुळणारी गाडी" हे वेड अमेरिकेतल्या हौशी लोकांकडून आलं. तिकडेही शेवरोलेच्या सगळ्या इंजिनांवर गाडीचा स्वतःचा नंबर पडायला लागला तो १९६८ च्या सुमारास, चोऱ्या रोखायला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत गाडी आणि इंजिन एकाच दिवसापासून एकत्र आहेत हे तारखा जुळवूनच सांगावं लागतं. संस्थानिकांच्या गाड्यांनाही हाच नियम. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची १९३५ ची ड्यूसेनबर्ग घ्या. त्या जातीच्या गाड्यांत चासीचा नंबर वेगळा आणि जे अक्षरानं सुरू होणारा इंजिनाचा नंबर वेगळा. तिथंही दोन्ही तपासल्याशिवाय जाणकार पुढं बोलत नाहीत.

चार, ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्या असतील तर लुकासचा डायनॅमो आणि डिस्ट्रिब्यूटर पुसून बघा. त्यांच्यावर बहुधा महिना आणि साल ठोकलेलं असतं. आणि कागद जपा. आमच्या घरात बीड अर्धंच बोललं, बाकीचं १९५९ च्या एका कारकुनाच्या अक्षरानं सांगितलं. त्यानं एक आकडा चुकीचा लिहिला असता तर काका-बाबांचं भांडण त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

शेवरोलेचं काम चालू आहे. मूळ २१६ इंजिन शोधून बसवायचं का, असं पुतण्यानं विचारलं. काका नको म्हणाले. "आण्णांनी बसवलंय ते राहू दे."

तुमच्याकडे वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद कुठंही अशी गाडी किंवा तिचे कागद असतील तर जरूर लिहा. पूर्ण नंबर उघडपणे टाकू नका, सुरुवातीची अक्षरं आणि साल पुरे. जमेल तेवढं वाचून सांगेन.